किलोग्रॅम नेमका कुठे असतो? प्लेटो, ॲरिस्टॉटल आणि दिल्लीतला दंडगोल क्रमांक ५७

दरवर्षी २० मे हा दिवस जगभर मापनशास्त्र दिन म्हणून पाळला जातो. १८७५ साली याच दिवशी पॅरिसमध्ये सतरा राष्ट्रांनी मीटर करारावर सह्या केल्या आणि २०१९ साली याच दिवशी किलोग्रॅमची जुनी व्याख्या इतिहासजमा झाली. बाजारातल्या काट्यावर या बदलाने काडीचाही फरक पडला नाही, त्यामुळे तो बहुतेकांच्या लक्षातही राहिला नाही. परंतु या बदलामागचा प्रश्न जितका विज्ञानाचा, तितकाच तत्त्वज्ञानाचा होता आणि त्याचे वय सुमारे चोवीसशे वर्षे आहे. आपण ज्याला ‘खरे माप’ म्हणतो ते वस्तूंमध्ये असते, की वस्तूंच्या पलीकडे? अथेन्समध्ये एका गुरूने आणि त्याच्या शिष्याने या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे दिली. त्या मतभेदाचा धागा आपल्या राजधानीत दोन ठिकाणी हाताला लागतो : जंतरमंतरच्या दगडी यंत्रांत आणि पुसा परिसराजवळच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत.

दंडगोल क्रमांक ५७

राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची कोनशिला ४ जानेवारी १९४७ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते बसवली गेली, म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्याही आधी. २१ जानेवारी १९५० रोजी सरदार वल्लभभाई पटेलांनी तिचे उद्घाटन केले. पहिले संचालक होते भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन. देशाची मूलभूत मापे सांभाळणे हे या संस्थेचे एक मुख्य काम. सेकंद, मीटर, केल्व्हिन यांच्याबरोबर येथे किलोग्रॅमही राहतो.

येथील किलोग्रॅम म्हणजे एक चकचकीत दंडगोल. नव्वद टक्के प्लॅटिनम आणि दहा टक्के इरिडियम या मिश्रधातूचा. उंची सुमारे ३९ मिलिमीटर, व्यासही तेवढाच. मुठीत सहज मावेल इतका लहान, आणि त्या आकाराच्या मानाने आश्चर्य वाटावे इतका जड. त्याचा क्रमांक ५७. फ्रान्समधील मूळ दंडगोलाच्या ज्या प्रती निरनिराळ्या देशांना देण्यात आल्या, त्यांतली ही भारताची प्रत.

या दंडगोलापासून खाली एक वंशावळ निघते. प्रयोगशाळेकडून प्रादेशिक संदर्भ मानक प्रयोगशाळांकडे (त्यांतली एक दिल्लीलगत फरिदाबादला आहे), तेथून राज्यांच्या दुय्यम मानकांकडे, तेथून निरीक्षकांच्या कार्यकारी मानकांकडे आणि शेवटी मुद्रांकन झालेल्या त्या लोखंडी वजनांकडे, जी आझादपूरच्या मंडईत किंवा लासलगावच्या कांदाबाजारात पारड्यात पडतात. प्रत्येक वजन आपल्यापेक्षा वरच्या वजनाच्या साक्षीवर खरे ठरते. मग सर्वांत वरच्या वजनाची साक्ष कोणी द्यायची?

विद्यार्थ्याला हा प्रश्न शब्दांचा खेळ वाटण्याचा संभव आहे. प्लेटोला तो तसा वाटला नव्हता.

दोन समान काठ्या

इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेने बहुमताने सॉक्रेटिसला दोषी ठरवले आणि त्याला विषाचा प्याला घ्यावा लागला. त्याचा शेवटचा दिवस प्लेटोने ‘फीडो’ या संवादात चितारला आहे. मृत्यू काही तासांवर आला असताना सॉक्रेटिस तुरुंगात मित्रांशी आत्म्याविषयी बोलत असतो आणि बोलण्याच्या ओघात एक साधी शंका काढतो. दोन काठ्या समान आहेत असे आपण म्हणतो, दोन दगड समान आहेत असेही म्हणतो. पण ‘समानता’ म्हणजे काय? त्याच दोन काठ्या एकाला समान वाटतात, दुसऱ्याला वाटत नाहीत. समानता स्वतः मात्र कोणालाही असमान वाटू शकत नाही. म्हणजे समान काठ्या निराळ्या आणि समानता निराळी.

यापुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे. डोळ्यांसमोरच्या काठ्या समानतेला कुठेतरी उण्या पडतात हे आपल्याला कळते. एखादी गोष्ट उणी आहे हे कळायला पुरी गोष्ट आधी ठाऊक असावी लागते. ती तर या जगात कोणी पाहिलेली नाही. तेव्हा समानतेचे ज्ञान इंद्रियांकडून आलेले नाही, असा निष्कर्ष प्लेटोचा सॉक्रेटिस काढतो. जगातल्या बदलत्या वस्तूंच्या पलीकडे न बदलणारी आदर्शरूपे आहेत. वस्तू त्यांत सहभागी होतात, त्यांचे अनुकरण करतात, पण त्यांना पूर्णपणे पोचत नाहीत. हाच प्लेटोचा प्रसिद्ध रूपसिद्धान्त.

तागडी वापरणाऱ्याला हा युक्तिवाद परका वाटू नये. एका काट्यावर समान ठरलेली दोन वजने अधिक बारीक काट्यावर असमान ठरतात. त्याहून बारीक काटा आणला तर आणखी फरक दिसतो. तरीही ‘हे वजन खोटे आहे’ असे आपण ठामपणे म्हणतो. खोटे, ते कशाच्या तुलनेत?

प्लेटोला या प्रश्नाची निकड का वाटली, तेही समजून घ्यायला हवे. त्याच्या आधीच्या पिढीत प्रोटॅगोरसने सांगितले होते की मनुष्य हाच सर्व वस्तूंचे माप आहे. हे मान्य केले तर विकणाऱ्याचे मापही खरे आणि घेणाऱ्याचेही खरे; मग भांडण मिटवायचे कशाच्या आधारे? बलवानाच्या मताने की बहुसंख्यांच्या? बहुसंख्यांच्या मताने काय होऊ शकते ते प्लेटोने आपल्या गुरूच्या बाबतीत पाहिले होते. माणसांच्या मतावर अवलंबून नसलेले एखादे माप असायलाच हवे, ही त्याची गरज केवळ बौद्धिक नव्हती. तीत न्यायाची मागणी होती.

शिष्याची हरकत

इ.स.पू. ३६७ मध्ये स्टॅगिरा गावचा एक सतरा वर्षांचा मुलगा प्लेटोच्या अकादमीत दाखल झाला आणि गुरूच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे वीस वर्षे, तेथे राहिला. हा ॲरिस्टॉटल. वैद्याचा मुलगा; पुढे मासे, खेकडे, मधमाश्या यांची बारकाईने पाहणी करणारा. त्याने रूपसिद्धान्तावर घेतलेले आक्षेप त्याच्या ‘मेटाफिजिक्स’ या ग्रंथात आहेत आणि ते आजही धारदार वाटतात.

पहिला आक्षेप असा की जगातल्या वस्तूंचा उलगडा करण्यासाठी तेवढीच आणखी रूपे कल्पिणे म्हणजे थोड्या वस्तू मोजता येईनात म्हणून त्यांची संख्या वाढवून मग मोजायला बसणे. दुसरा : रूपे जर वस्तूंपासून वेगळी, दूर कुठे असतील, तर ती वस्तूंचे सत्त्व कशी होणार? आणि न बदलणारे रूप बदलणाऱ्या जगात काही घडवून आणते ते कसे? ‘वस्तू रूपांत सहभागी होतात’ हे बोलणे त्याला काव्यात्म उपमेपलीकडचे वाटले नाही. तिसरा आक्षेप ‘तिसरा माणूस’ या नावाने ओळखला जातो : माणसे आणि माणसाचे आदर्शरूप यांत जर काही समान असेल, तर त्या समानतेसाठी आणखी एक रूप मानावे लागेल, त्याच्यासाठी आणखी एक, आणि ही रांग कुठेच संपणार नाही.

ॲरिस्टॉटलच्या मते रूप असते, पण वस्तूच्या आत असते. गोलाईला चेंडूपासून उपटून दूर ठेवता येत नाही. बुद्धी तिचा स्वतंत्र विचार करू शकते, एवढेच. भूमितिज्ञ हेच करतो. रेघ शाईची आहे की वाळूत ओढलेली आहे, याकडे तो दुर्लक्ष करतो आणि फक्त तिच्या लांबीचा विचार करतो. त्यासाठी वेगळ्या विश्वात एक शुद्ध रेघ असण्याची गरज नाही.

याच ग्रंथात मापाविषयी एक विधान आहे, आणि या लेखाच्या दृष्टीने तेच कळीचे. ॲरिस्टॉटल म्हणतो की माप हे नेहमी मोजल्या जाणाऱ्या गोष्टीच्याच जातीचे असते : लांबीचे माप ही एक लांबी, वजनाचे माप हे एक वजन. किलो मोजायचा तर कुठेतरी एक खराखुरा किलो हवा.

या वादात एका बाजूला स्वप्नाळू गुरू आणि दुसऱ्या बाजूला व्यवहारी शिष्य, असे चित्र पाठ्यपुस्तकांतून पुष्कळदा दिसते. ते अपुरे आहे. ‘पार्मेनिडीज’ या संवादात प्लेटोने स्वतःच आपल्या सिद्धान्ताला अडचणीत आणले आहे. केस, चिखल, मळ यांचीही आदर्शरूपे असतात का, असा प्रश्न तेथे तरुण सॉक्रेटिसला विचारला जातो आणि तो गोंधळतो. न संपणाऱ्या रांगेची अडचणही तेथे आधीच मांडलेली आहे. ॲरिस्टॉटलनेही गुरूला झिडकारले नाही. नीतिशास्त्रावरील ग्रंथात तो म्हणतो की रूपांची कल्पना मांडणारे आपले स्नेही आहेत, पण स्नेही आणि सत्य दोन्ही प्रिय असताना सत्याला अग्रमान देणे हे कर्तव्य आहे. शिक्षणाच्या इतिहासात याहून सभ्य मतभेद फारसे सापडत नाहीत.

भारतीय वाचकाला हा वाद अगदीच अनोळखी नाही. न्याय-वैशेषिक परंपरेने ‘सामान्य’ हा खरा पदार्थ मानला : प्रत्येक घटात एकच नित्य घटत्व राहते, घट फुटला तरी ते नष्ट होत नाही. दिङ्नाग, धर्मकीर्ती आदी बौद्ध तार्किकांनी हे नाकारले. घटत्व म्हणून काही नसते, ‘घट’ हा शब्द घट नसलेल्या सगळ्याला बाजूला सारतो, एवढेच, असे त्यांनी मांडले. हा अपोहवाद. ग्रीस आणि भारत येथील वादांचे तपशील निराळे आहेत. अनेक वस्तूंत एकच काही आहे असे आपण कोणत्या अधिकाराने म्हणतो, ही शंका मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

युक्लिड दिल्लीला येतो

ग्रीक भूमितीचा दिल्लीशी आलेला संबंध अठराव्या शतकातला आहे आणि तो एका मराठी नावाशी जोडलेला आहे. सवाई जयसिंहाच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रातील ब्राह्मण होते असे परंपरा सांगते. अरबी शिकून त्यांनी युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली. तो ग्रंथ म्हणजे पंधरा अध्यायांचे ‘रेखागणित’. त्यांच्यासमोर मूळ ग्रीक ग्रंथ नव्हता. तेराव्या शतकातील इराणी विद्वान नसीरुद्दीन तुसी यांनी सिद्ध केलेली अरबी आवृत्ती होती. टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ हा ग्रंथही त्यांनी याच वाटेने संस्कृतात उतरवला. अथेन्स, अलेक्झांड्रिया, बगदाद, मराघा असा प्रवास करून ग्रीक विचार उत्तर भारतात पोचला, तो असा.

‘रेखागणिता’तली बिंदूची व्याख्या पाहण्यासारखी आहे. युक्लिडच्या मते ज्याला भाग नाहीत तो बिंदू. संस्कृत व्याख्येत याला एक विशेषण जोडलेले आहे : बिंदू हा दर्शनयोग्य, परंतु विभाग न होणारा पदार्थ. ज्याचे भाग पडू शकत नाहीत असे काही डोळ्यांना दिसणार कसे? आणि जे दिसते त्याचे भाग पडणार नाहीत, असे कसे? या एका वाक्यात प्लेटो आणि ॲरिस्टॉटल शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

जयसिंहाने दिल्लीत १७२४ च्या सुमारास जंतरमंतर उभारले, त्यामागेही हाच पेच होता. मुहम्मदशाह बादशहाच्या नावाने तयार झालेल्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या ज्योतिष-कोष्टकांच्या प्रस्तावनेत जयसिंहाची तक्रार नोंदलेली आहे : पितळी यंत्रे लहान पडतात, त्यांचे आस झिजतात, मध्यबिंदू सरकतात. यावर उपाय म्हणून त्याने दगडचुन्याची अवाढव्य यंत्रे बांधली. दिल्लीच्या सम्राट यंत्राची तिरकी भिंत सुमारे सत्तर फूट उंच आहे. यंत्र जितके मोठे, तितक्या खुणा दूर दूर, आणि वाचन तितके सूक्ष्म, असा हिशेब.

हिशेब बरोबर होता, पण सूर्य आडवा आला. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे. आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. त्यामुळे भिंतीच्या सावलीची कड कधीच रेघेसारखी पडत नाही. उजेड आणि अंधार यांच्यामध्ये एक धूसर पट्टा राहतो. अर्धा अंश सरकायला सूर्याला सुमारे दोन मिनिटे लागतात, तेव्हा तो पट्टाही घड्याळाच्या सुमारे दोन मिनिटांइतका रुंद असतो. यंत्र दुप्पट मोठे केले की खुणा दुप्पट दूर जातात आणि पट्टाही दुप्पट रुंद होतो. कुशल निरीक्षक त्या पट्ट्याचा मध्य साधून पुष्कळ बारीक वाचन करू शके, परंतु केवळ दगडाची उंची वाढवून युक्लिडची रुंदी नसलेली रेघ हाती येणार नव्हती. जंतरमंतरची शिकवण ही : आदर्शाकडे जायला वस्तू लागते, आणि वस्तू स्वतःचे नियम सोबत घेऊन येते.

सर्व काळांसाठी, सर्व लोकांसाठी

किलोग्रॅमचा जन्म फ्रेंच राज्यक्रांतीतला. सरंजामदारांची मनमानी मापे मोडून ‘सर्व काळांसाठी, सर्व लोकांसाठी’ एकच माप द्यायचे, हे तिचे स्वप्न होते. मीटर पृथ्वीच्या परिघावरून आणि किलोग्रॅम एका लिटर पाण्यावरून ठरवला गेला. कोणत्याही राजाच्या हाताची किंवा पावलाची त्यात खूण नव्हती. ही प्लेटोला रुचेल अशी कल्पना होती.

व्यवहारात मात्र पाणी अडचणीचे ठरले. त्याची शुद्धता, तापमान, त्यात विरघळलेली हवा, सगळेच त्रासाचे. म्हणून १७९९ साली प्लॅटिनमचा एक ठोकळा करून दप्तरखान्यात ठेवला गेला. पुढे त्याच्याशी जुळवून प्लॅटिनम-इरिडियमचा नवा दंडगोल घडवण्यात आला आणि १८८९ साली त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पॅरिसजवळ सेव्ह्र येथील तळघरात, काचेच्या तीन घंटांखाली, तीन निरनिराळ्या किल्ल्यांच्या बंदोबस्तात तो ठेवला गेला. त्या दिवसापासून किलोग्रॅमची व्याख्या अशी : या दंडगोलाचे वस्तुमान. ॲरिस्टॉटलचे म्हणणे शब्दशः अमलात आले. वजनाचे माप हे एक वजन.

भारताने ही पद्धत स्वीकारली तेव्हा तिचा अर्थ सामान्य माणसाला लगेच कळला, कारण मापांतल्या गोंधळाची झळ त्यालाच बसत होती. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीएवढी नसे. शेर, मण, अधोली यांचे प्रांतोप्रांती निरनिराळे अर्थ होते. ऐंशी तोळ्यांचा प्रमाण शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, पण प्रत्येक बाजारात तोच चालेल याची खात्री नव्हती. १९५६ साली वजने आणि मापे यांचा कायदा झाला, १९५७ मध्ये भारत मीटर करारात सामील झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने बाजारात आली. घेणाऱ्याला देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. प्रोटॅगोरसला प्लेटोने दिलेले उत्तर एका प्रजासत्ताकाने कायद्याच्या भाषेत पुन्हा दिले, असेही म्हणता येईल.

पन्नास मायक्रोग्रॅमचा पेच

सेव्ह्रचा दंडगोल तळघरातून फार क्वचित बाहेर येई. १९८९ च्या सुमारास, शंभर वर्षांनंतर, तो आणि त्याच्या प्रती पुन्हा ताडून पाहण्यात आल्या. प्रतींचे वस्तुमान मूळ दंडगोलाच्या तुलनेत सरासरी सुमारे ५० मायक्रोग्रॅमने सरकलेले आढळले. बोटाच्या ठशाने काचेवर जेवढा ओशटपणा उरतो, साधारण तेवढा हा फरक.

बदलले कोण? प्रती जड झाल्या की मूळ दंडगोल हलका झाला? दुसरे उत्तर देण्याची भाषेतच सोय नव्हती. व्याख्येनुसार मूळ दंडगोल नेहमीच बरोबर एक किलोग्रॅम. त्याच्यावरचे काही अणू उडून गेले तर किलोग्रॅम बदलला असे म्हणता येत नाही. उरलेले सारे विश्व किंचित जड झाले असे म्हणावे लागते. हिमालय, सूर्य, दिल्लीतला क्रमांक ५७, सगळे. एका तळघरातल्या धातूवर पुसल्याचा ओरखडा उठला तरी आकाशगंगेचे वस्तुमान बदलावे, ही स्थिती भौतिकशास्त्राला मानवणारी नव्हती. प्लेटोची शंका येथे तिच्या शुद्ध स्वरूपात उभी राहिली. मूळ दंडगोल बिघडला असावा असे शास्त्रज्ञांना वाटले, याचाच अर्थ दंडगोलाहून निराळा असा ‘खरा किलोग्रॅम’ त्यांच्या मनात आधीपासून होता.

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्सायमध्ये जमलेल्या राष्ट्रांनी एकमताने ठराव केला की किलोग्रॅमचा आधार यापुढे धातू नसेल. प्लांकचा स्थिरांक असेल. ज्यूल-सेकंद या एककात त्याचे मूल्य दशांश चिन्हानंतर तेहतीस शून्ये आणि मग ६६२६०७०१५, असे कायमचे निश्चित करण्यात आले. अणूपासून ताऱ्यापर्यंत सर्वत्र एकच असलेला हा अंक झिजत नाही, चोरीला जात नाही, त्याला किल्ल्या लागत नाहीत.

त्या अंकापासून वजनापर्यंत उतरण्याचा एक जिना ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्रायन किबल यांनी १९७५ साली सुचवला होता. त्यांच्या तराजूत एका बाजूला वस्तू असते आणि तिला तोलून धरणारे बल चुंबकीय क्षेत्रातल्या तारेच्या वेटोळ्यातून वाहणारा विद्युतप्रवाह पुरवतो. मग तेच वेटोळे ठरावीक वेगाने हलवून त्यात निर्माण होणारा विद्युतदाब मोजतात. दोन्ही मोजण्या एकत्र केल्या की चुंबकाची ताकद आणि तारेची लांबी हिशेबातून निघून जातात. उरतात वस्तुमान, गुरुत्वत्वरण, वेग, दाब आणि प्रवाह. दाब आणि प्रवाह पुंजभौतिकीच्या परिणामांवरून मोजता येतात, आणि तेथे प्लांकचा स्थिरांक हजर असतो. वजनाचे माप आता वजन राहिले नाही. ॲरिस्टॉटलचा नियम मोडला.

मग प्लेटो जिंकला का?

वरवर पाहता तसे दिसते, पण २०१९ नंतर घडलेली गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. व्याख्या अचूक झाली, तरी ती प्रत्यक्षात उतरवणारे तराजू माणसांनी बांधलेले आहेत. काही देशांत किबल तराजू आहेत, काही ठिकाणी अतिशुद्ध सिलिकॉनच्या गोलातील अणू मोजून तेथवर पोचतात. या वेगवेगळ्या वाटांनी मिळालेले किलोग्रॅम एकमेकांशी पुरेसे जुळेनात. म्हणून आंतरराष्ट्रीय संस्थांनी सर्वांच्या मोजण्या एकत्र करून एक ‘सहमतीचे मूल्य’ ठरवले. फेब्रुवारी २०२१ पासून लागू झालेल्या पहिल्या मूल्यानुसार सेव्ह्रच्या जुन्या दंडगोलाचे वस्तुमान एका किलोग्रॅमहून दोन मायक्रोग्रॅमने कमी धरण्यात आले आणि अनिश्चितता वीस मायक्रोग्रॅमची. जो दंडगोल एकशेतीस वर्षे व्याख्येनेच निर्दोष होता, त्याच्या नावापुढे आता ‘अधिक-उणे’ लिहिले गेले. दिल्लीच्या क्रमांक ५७ चे कामही संपलेले नाही. आदर्श आता अंकात आहे, पण अंकाला पारड्यात ठेवता येत नाही.

तेव्हा ॲरिस्टॉटलची हरकत जिवंत आहे. आदर्शरूप वस्तूंपर्यंत पोचते कसे, हे सांगितल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. आणि ते सांगण्याचे काम प्रयोगशाळेतल्या तारा, चुंबके, स्वच्छ हातमोजे आणि जबाबदारीने लिहिलेल्या नोंदी करतात. प्लेटोची हरकतही तितकीच जिवंत आहे. सहमती झाली म्हणजे सत्य मिळाले असे नव्हे. सॉक्रेटिसच्या न्यायसभेतही बहुमत होतेच. फरक एवढा की मापनशास्त्रातली सहमती स्वतःची चूक किती असू शकेल ते आकड्यात लिहून ठेवते आणि नव्या मोजणीने खोडली जाण्यास तयार असते. प्लांकच्या स्थिरांकाकडे तोंड करून चाललेली ही सहमती आहे. म्हणून ती नुसते मत ठरत नाही.

विज्ञान शिकणाऱ्याला या दोन्ही सवयी लागतात. मोजलेल्या आकड्यापलीकडे काही खरे आहे, ही श्रद्धा नसेल तर मोजणी सुधारण्याची धडपड कोणी करणार नाही. आणि ते खरे आपल्या हाती पूर्णपणे आले, असे वाटू लागले की धडपड थांबते. प्रयोगवहीत उत्तराशेजारी अनिश्चितता लिहिण्याची जी शिस्त शाळेत कंटाळवाणी वाटते, तिच्यात गुरू आणि शिष्य या दोघांचेही ऋण आहे.

रेशनच्या दुकानात धान्य घेणाऱ्या बाईला प्लेटो ठाऊक असण्याचे कारण नाही. पण काट्यावर बोट ठेवून ‘हे कमी आहे’ असे ती म्हणते, तेव्हा तिच्या आणि दुकानदाराच्या इच्छेहून निराळे असे एक माप आहे, हे ती गृहीत धरते. तिचे हे गृहीत खोटे ठरू नये यासाठी मुद्रांकन करणाऱ्या निरीक्षकापासून फरिदाबाद, नवी दिल्ली आणि सेव्ह्रपर्यंत माणसांची एक साखळी काम करते. साखळीच्या वरच्या टोकाला आता धातू नाही, एक अंक आहे. खालच्या टोकाला पूर्वीसारखेच धान्य आहे, आणि ते पुरेसे भरले पाहिजे.